शंखांच्या जुन्या लेबलांवरची नावं नवीन वर्गीकरणात कशी आणायची

आपल्या जळगाव-धुळ्याकडं समुद्र नाही पण झूऑलॉजीच्या लॅबमधे समुद्री गोगलगायींचे शंख कपाटात असतातच, आणि लेबलं पार जुनी. कवडीवर 'सायप्रिया मोनेटा' लिहिलेलं असतं, आज ती मोनेटारिया मोनेटा आहे. पण लेबल बदलायच्या आधी शंख नीट बघा, कारण मुळात जातच चुकीची लिहिलेली असू शकते.

साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा. ॲसिड, व्हिनेगर अजिबात नको, शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, ज्या बारीक रेषांवरून ओळखायचं त्याच विरघळून जातात. वाळवायचा सावलीत, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर नकोच, रंग उडतो.

आता टोक वर आणि तोंड आपल्याकडं असा धरा. तोंड उजवीकडं आलं तर उजवा, बहुतेक उजवेच निघतात. पूजेत टोक खाली धरतात म्हणून दक्षिणावर्ती शंख इथं डावा ठरतो बरं का, यात भले भले गोंधळतात. मग टॉर्च मारून तोंडाच्या आत मधल्या खांबावर बघा. आपल्या पूजेच्या शंखाला, म्हणजे टर्बिनेला पायरमला, तिथं तीन-चार ठळक घड्या असतात. दक्षिणावर्ती म्हणून विकतात त्यातले काही अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे लाइटनिंग व्हेल्क असतात, ती जातच डावी, आणि अशा घड्या तिला नसतात. म्हणून दोन्ही डावे दिसले की एकाच ट्रेमधे टाकू नका. आणि टर्बिनेलाचा खरा डावा नमुना मिळालाच तरी ती वेगळी जात नाही, त्याच जातीतला दुर्मिळ नमुना आहे.

नुसत्या घड्यांवरही जाऊ नका. जीवांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७६७ मधे घड्या बघून आपला पूजेचा शंखही व्होल्यूटा वंशात (वंश म्हणजे नावातला पहिला शब्द) घातला होता, आज तो टर्बिनेला वंशात आहे. म्हणून टोकाचा पहिला इवलासा वेढा, खालची नळी, पृष्ठभागावरच्या रेषा, सगळं भिंगातून बघा. कवडीचं पिल्लू असेल तर तोंडाचा ओठ पातळ आणि त्यावर दातांसारखे उंचवटे नसतात, त्याला नवीन जात समजू नका.

जात पक्की झाली की मोलस्काबेस या साईटवर आजचं नाव बघा. वंश बदललेला असेल तर मूळ नाव देणारा आणि वर्ष कंसात जातं, जसं टर्बिनेला पायरम (लिनियस, १७६७). नुसत्या शंखावरून ठरत नसेल तर वंशापर्यंतच लिहून थांबा, आणि जुनं लेबल फेकू नका, नमुना कुठून आला ते त्याच्यावरच असतं, नव्याच्या मागं तेही ठेवा.