काढलेल्या तिळाचे डर्मोस्कोपी छायाचित्र: बाटलीत टाकण्याआधीची तयारी

शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्वांत आधी, डाग अजून त्वचेवर असतानाच, त्याचे डर्मोस्कोपी (त्वचेवर टेकवून पाहण्याच्या, प्रकाश असलेल्या भिंगातून घेतलेले) छायाचित्र घेऊन ठेवावे. ऊतक कापल्यावर रक्तप्रवाह थांबतो आणि रक्तवाहिन्यांची नक्षी पुसली जाते, ती नंतर कोणत्याही भिंगाने परत दिसत नाही.

डाग काढताना एका टोकाला दिशादर्शक टाका घालावा आणि तो घड्याळातील कोणत्या अंकाच्या दिशेला आहे, हे लगेच लिहून ठेवावे. नमुन्यावरील रक्त सलाइनने भिजवलेल्या गॉजने हलकेच टिपावे, घासू नये, कारण वरचा थर निघाला तर निदानाचा आधारच जातो. मग पृष्ठभागावर जेलचा थेंब ठेवून, टाका पहिल्या छायाचित्रातल्याच दिशेला येईल असा नमुना ठेवून, साधारण दहापट भिंगातून ध्रुवीकृत आणि साध्या अशा दोन्ही प्रकाशांत छायाचित्रे घ्यावीत. चौकटीत मिलिमीटरची पट्टी असावी, कारण काढलेली त्वचा आक्रसते. हे सारे नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात) टाकण्यापूर्वी उरकणे मला अत्यावश्यक वाटते. फॉर्मॅलिनमध्ये रंग गडद होऊन निळसर-काळ्याकडे झुकतात, आणि मग ती निळाई खोलवरच्या मेलॅनिनची (त्वचेतील रंगद्रव्याची) की द्रावणाची, हे ठरवणे अवघड जाते.

आता ज्या कामासाठी एवढा खटाटोप, ते करावे. प्रयोगशाळेत नमुन्याचे 2 ते 3 मिलिमीटर अंतराने तुकडे होतात आणि स्लाइडवर त्यांचे काही मायक्रॉन जाडीचे कापच पोहोचतात, त्यामुळे मोठ्या निरुपद्रवी तिळाच्या कोपऱ्यात सुरू झालेला लहानसा मेलॅनोमा (त्वचेचा घातक कर्करोग) दोन कापांच्या मध्ये निसटू शकतो. म्हणून निळसर-पांढरा पडदा, अनियमित ठिपके किंवा कडेच्या रेघा जिथे दिसतात, नेमक्या त्या जागी नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यावा, म्हणजे काप तिथूनच घेता येईल; ठिपका वाळू द्यावा आणि ठिपका दिलेल्या स्थितीतलेही एक छायाचित्र घ्यावे. संशोधनासाठी तिथूनच तुकडा काढण्याचा मोह मात्र टाळावा; सर्वांत जाड भाग हरवला, तर ब्रेस्लो जाडी (मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे याचे माप) चुकीची मोजली जाते.

त्यानंतर नमुना त्याच्या किमान दहापट आकारमानाच्या, 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा. अर्जावर वय, जागा, डागात झालेले बदल आणि ठिपक्याचा अर्थ लिहून छायाचित्रे जोडावीत. अहवाल हाती येईपर्यंत ती जपून ठेवावीत: निदान स्लाइडवरच होते, पण अहवाल आणि छायाचित्र जुळत नसतील, तर पॅथॉलॉजिस्टशी बोलून त्याच ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या नमुन्यातून) आणखी खोल काप मागता येतात.