तुरीच्या पोत्यांमागे उंदीर नेमका कुठून येतो, ते राखेने ओळखा

तूर-चणा घरात आला की मागच्या खोलीत रात्री खुडबुड सुरू होते, पण पिंजरा कुठे लावायचा ते कळत नाही. चुलीची राख यावर चांगली कामी येते.

१. राख चाळून घ्या. संध्याकाळी भिंतीच्या कडेने, पोत्यांमागे आणि दाराच्या फटीजवळ वीतभर रुंद पातळ थर पसरा. खोलीच्या मध्ये टाकू नका, उंदीर भिंतीला घासूनच चालतो.

२. सकाळी बॅटरी जमिनीलगत आडवी धरून पाहा. बारीक पावलं आणि मधून शेपटीची रेघ दिसली, तर पिंजरा तिथंच, भिंतीला लावून ठेवा.

३. बिळं बरीच असतील तर सगळ्यांत कागदाचे बोळे कोंबा. सकाळी जो बोळा बाहेर पडलेला असेल, ते बीळ चालू आहे. शेणा-मातीच्या घरात बिळाजवळ ओल्या मातीचा ढीग दिसला, तर बहुतेक घूसच.

लेंड्याही पाहा. ताज्या काळ्या, चकचकीत असतात. जुन्या राखाडी होऊन चुरतात. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची आहे, पिंजऱ्याची घाई नको.

बिळात हात मात्र कधीच घालू नका. उंदरामागे साप येतो, आणि पावसाळ्यात विंचूही तिथंच दडतो. लेंड्या कोरड्या झाडू नका. नाकाला रुमाल बांधा, फिनाईलचं पाणी शिंपडा, थोडं थांबा आणि मगच पुसून घ्या.