पालेभाज्यांच्या जैवतंत्रज्ञानात येणाऱ्यांसाठी

स्थानिक पालेभाज्यांवर काम करायला येणारी मुलं बहुधा क्रिस्परचं, म्हणजे जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्राचं, स्वप्न घेऊन येतात. मीही तशीच आले होते. नवख्यांना मी सांगते, ते सध्या बाजूला ठेवा. जनुकात बदल केलात, तरी त्या पेशीपासून अख्खं रोप उभं राहायला हवं. माठात ऊतिसंवर्धनातून, म्हणजे पेशी पोषक माध्यमात वाढवून, रोप मिळवणं अवघड, आणि एका वाणाला मानवलेलं माध्यम दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

आधी डीएनए काढायला शिका. भाताच्या पानांवर हात बसलेल्यांनाही मायाळू रडवते. तिच्या पानातला बुळबुळीतपणा म्हणजे पॉलिसॅकराइड. ते डीएनएसोबत खाली बसतात आणि पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया, चालत नाही. कोवळं पान घ्या, सीटॅब बफरमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) मिठाचं प्रमाण वाढवा, पानातले फिनॉल बांधायला पीव्हीपी हे रसायन घाला. डीएनएची शुद्धता प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात; २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) १.८ दिसलं की सगळे खूश होतात, पण अशा पानांची खरी लबाडी २६०/२३० मध्ये पकडली जाते. ते २ च्या बरंच खाली असेल तर नमुना पुन्हा स्वच्छ करा.

मार्करचा, म्हणजे वाण ओळखता येईल अशा डीएनएतल्या खुणांचा, रोखठोक उपयोग मला संकर तपासताना कळला. माठाची फुलं अगदी बारीक, त्यात स्वपरागणच जास्त. त्यामुळे हाती आलेलं बी खरंच संकरित आहे का, ही शंका राहतेच. हिरव्या मादीवर लाल नराचा पराग वापरला, तर लाल रंग प्रभावी असल्याने संकरित रोपं डोळ्यांनी निवडता येतात. दोन्ही हिरवे असले की मार्करशिवाय गत्यंतर नाही.

माठाच्याच वंशातल्या राजगिऱ्याच्या एका जातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा आराखडा, २०१४ पासून उपलब्ध आहे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची वानवा नाही. अडतं ते मोजमापात. पानातलं ऑक्झलेट शरीरात कॅल्शियमचं शोषण रोखतं, म्हणून ते कमी असलेले वाण हवेत. पण त्याचं प्रमाण पानाच्या वयानुसारही बदलतं. एका वाणाचं कोवळं आणि दुसऱ्याचं जून पान तपासलं, तर पुढचं सगळं सांख्यिकी गणित फुकट. फुलोऱ्याचंही तसंच: तो उशिरा आला तर पानं जास्त दिवस मिळतात, मात्र बियाणं करणाऱ्याचा हंगाम लांबतो.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा यंत्रांची यादी नंतर विचारा. आधी विचारा, प्रयोगशाळेला स्वतःचं शेत आहे का, आणि वाणांचं बी वेगळं राखायचं काम कोण करतं.