खानदेशी स्वयंपाकावर लिहायला बसण्याआधी

शेवभाजीची कृती शोधायला बसलात तर दिवस मावळेल, पण कृती संपणार नाहीत. भरिताचं तेच, खापरावरच्या, म्हणजे उपड्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या, मांड्यांचं तेच. या गर्दीत आपण आणखी एक कृती टाकली तर ती कुणी का वाचावी? लिहायची हौस मला कॉलेजात असल्यापासून, पण या प्रश्नाचं उत्तर हाताशी आल्यावरच मी पहिली ओळ लिहिली. त्याआधीची तयारी जवळजवळ वर्षभर चालली. आता कुणी विचारलं की मी त्या तयारीबद्दलच सांगते.

सगळ्यात आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि ज्या पदार्थावर लिहायचं त्याच्या वीस-पंचवीस कृती वाचून प्रत्येकीत काय राहिलंय तेवढंच टिपा. काय चांगलं आहे ते टिपत बसू नका, त्यानं आपण नकळत तसंच लिहायला लागतो. शेवभाजीच्या कृती मी अशा वाचल्या तेव्हा माझ्या वहीत पुन्हा पुन्हा त्याच नोंदी झाल्या. ‘खानदेशी मसाला दोन चमचे’ असं लिहिलंय, पण त्या मसाल्यात काय पडलंय ते नाही. शेव बारीक की जाड ते नाही. शेव उकळत्या रश्शात टाकायची की ताटात वाढताना वरून, हे अर्ध्याहून जास्त ठिकाणी नाही, आणि सगळा घोळ तर तिथेच होतो, कारण आधी टाकलेली शेव दहा मिनिटांत विरघळून रश्शाचं पिठलं होतं. ही न सांगितलेली जागा आपली. तिथं उभं राहून लिहायचं.

मग आपला मुलूख ठरवा, आणि जितका लहान ठरवाल तितकं बरं. ‘खानदेश’ म्हणताना आपण तीन जिल्हे एका घासात गिळतो. १९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पण चुलीवरचा खानदेश जिल्ह्यांनीही मोजता येत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात लेवा पाटलांच्या पंगतीत वांग्याची घोटलेली भाजी नि वरण-बट्टी, तर नंदुरबारात मिरची दळली-कुटली जाण्याआधीच तिचा मोठा संसार. गावाबाहेर मोकळ्या मैदानात लाल मिरची वाळत घालतात, तिला पथारी म्हणतात, आणि हंगामात त्या बाजूनं गेलं की रिक्षातसुद्धा ठसका लागतो. वर सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात. हे सगळं एका लेखणीत मावत नाही. मी अमळनेर आणि चोपडा एवढंच धरलं, तापीच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक. माझं सासर चोपडा तालुक्यातलं, माहेर अमळनेरचं. एवढ्या दोन तालुक्यांतही कळण्याच्या भाकरीवर एकमत नाही! आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि मीठ दळणातच. माहेरी उडीद जास्त आणि मीठ परातीत. दोन्ही कळणंच. हा फरक लिहिलात की वाचणारी बाई आपल्या आईचं प्रमाण आठवते, आणि ती वाचक तुमची झाली.

तयारीतली तिसरी गोष्ट वस्तू नाही, माणूस आहे. जिच्या हाताखाली तुम्ही शिकणार ती बाई आधी शोधा. माझ्या बाबतीत त्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं, पण मसाला भाजताना धूर ओळखतात. त्यांना प्रमाण विचारलं की एकच उत्तर येतं, ‘हातले समजस.’ हाताला कळतं. यावर बहुतेक लिहिणारे थांबतात आणि ‘अंदाजे’ असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. ग्रॅममध्ये मोजणारा एक छोटा वजनकाटा घ्या, साधा, स्वयंपाकघरातला. त्यावर रिकामी वाटी ठेवा आणि त्या जे काही मुठीत, चिमटीत, ओंजळीत घेतील ते आधी वाटीत टाकायला सांगा, वजन टिपा, मग तेच पातेल्यात. सासूबाईंना आधी हे आवडलं नाही. दाणे तेलात जायला उशीर होतो म्हणून त्या चिडल्या. पण मी तीन वेगवेगळ्या दिवशी त्यांची शेंगदाण्याची मूठ मोजली: ३८ ग्रॅम, ४१ ग्रॅम, ४० ग्रॅम. मी त्यांना आकडे वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण चौथ्या दिवसापासून वाटी काट्यावर त्या स्वतः ठेवायला लागल्या. माझी स्वतःची मूठ २६ ग्रॅमची निघाली. म्हणजे मी इतकी वर्षं ‘एक मूठ दाणे’ म्हणत त्यांच्या भाजीच्या दोन-तृतीयांश दाण्यांची भाजी करत होते, आणि चव का उतरत नाही म्हणून मिरचीला दोष देत होते.

वजनाबरोबर खुणाही टिपा. किती मिनिटं भाजलं याला फारसा अर्थ नाही, चूल आणि गॅस यांची मिनिटं वेगळी. खोबरं भाजताना कडेला तेल सुटून चमकायला लागतं, कांदा जाळावर भाजला की वरची साल काळी होऊन आत रस बुडबुडतो, मिरची तेलात फुगते आणि तिचा रंग एक छटा गडद होतो, या खुणा लिहा. वाचणाऱ्याला त्याच उपयोगी पडतात.

आता पंचांग. आमच्याकडचं खाणं तिथीला आणि हंगामाला बांधलेलं आहे, म्हणून वर्षाचा कागद आधी आखून भिंतीला लावा. वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांची घागर भरायची, माहेरवाशिणी घरी येतात, गौराईची गाणी, झोके, आणि जेवायला खापरावरची पुरणपोळी, म्हणजेच मांडे, नि आमरस. त्या सुमारासच उन्हाळी कामं, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, पापड, वर्षाचा मसाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा सण, तिचे रोट. मार्गशीर्षात चंपाषष्ठी. जिथं चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण सोडलेला असतो तिथं खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच घरात भरीत शिजतं, आणि तिथून पुढे थंडीभर शेतांत भरिताच्या पार्ट्या. या प्रत्येकासाठी आधीच्या वर्षी जाऊन बघायचं आणि पुढच्या वर्षी सणाच्या तीन आठवडे आधी लिहून हातावेगळं करायचं. सण उलटल्यावर लिहिलेली कृती कुणी करून बघत नाही. रोटांच्या बाबतीत एक सांभाळा. रोट हा भाऊबंदांत वाटून खायचा प्रसाद आहे. ज्या घरी पाहिला त्या घरच्या थोरांना विचारल्याशिवाय त्याचा फोटोही काढू नका.

भरितावर लिहिणार असाल, आणि जळगावकडचे सगळेच लिहितात, तर एकदा तरी शेतात जा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं वाक्य सगळ्यांच्या लिखाणात असतं. तुमच्यात ते असू द्या, पण पुढेही जा. ते वांगं हातात घेऊन बघा. मोठं, फिकट हिरवं, पांढुरक्या रेषांचं, बिया कमी, आणि आकाराच्या मानानं हलकं. कपाशीच्या वाळलेल्या पराट्यांचा जाळ भडकन पेटतो आणि लवकर बसतो, म्हणून वांगी एकदम न घालता थराथरानं घालतात आणि एकजण सतत पराट्या सरकवत असतो. शिजलंय हे देठापाशी कळतं. तिथली साल फाटून पाणी सुटतं नि निखाऱ्यावर चर्रर्र करतं. गरम असतानाच देठ धरून सोलायचं, देठ काढायचा नाही, धरायला तोच लागतो. मग हिरवी मिरची, लसूण लाकडी बडगीत कुटून त्यात वांगी ठेचतात. वर तेलाची सढळ फोडणी, कांद्याची पात, दाणे, खोबऱ्याचे काप. मी तिथं दोन तास उभी होते आणि वहीची सात पानं भरली. त्यातलं लिखाणात आलं एक पान. उरलेली सहा पानं वाया गेली असं मला वाटत नाही, ती असल्यामुळेच ते एक पान खरं उतरलं.

भाषेचीही तयारी लागते आणि तिच्यासाठी वहीत मागची पंधरा पानं राखून ठेवा. डुबुकवड्या, फुनके, पातोड्या, घाटा, खुडा, गंगाफळ, गिलकं. हे शब्द जसे घरात बोलतात तसे लिहा. गंगाफळाला लाल भोपळा म्हटलं तर पुण्यातल्या बाईला पटकन कळेल हे खरं, म्हणून पहिल्यांदा येईल तेव्हा ओघात एकदा सांगा, पुढे गंगाफळच म्हणा. नाशिकची, साताऱ्याची, नागपूरची वाचकही दोन वेळा वाचल्यावर तो शब्द आपला करते. अहिराणी वाक्य टाकायचं असेल तर ते ज्या बाईच्या तोंडचं आहे तिच्याकडून जसंच्या तसं घ्या. अमळनेरची अहिराणी आणि साक्रीची अहिराणी यांत फरक आहे, आणि यावलकडची लेवा बोली तर निराळीच. उसनी अहिराणी वाचणाऱ्याच्या कानाला लगेच टोचते.

यानंतरचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. प्रत्येक कृती तीनदा करून बघा: एकदा त्या बाईबरोबर, एकदा एकटीनं, आणि एकदा फक्त आपलं लिहिलेलं वाचत, डोक्यातलं काहीही न वापरता. मी बिबड्यांच्या वेळी हे तिसरं टाळलं होतं. ज्वारी कांडून कोंडा काढणं, दोन-तीन दिवस भिजवणं, वाळवून दळणं, सगळं लिहिलं. त्या पिठाचा घाटा शिजवताना लसूण, जिरं, तीळ, तिखट केव्हा, तेही लिहिलं. खाटेवर ओलं धोतर पसरून त्यावर हातानं थापायच्या, हे लिहिलं. सुरतेहून एका बाईंचा फोन आला. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं सुरतेला आहेत, आणि मुलीबाळींना गावाकडची चव तिथं करून घालायची त्यांची धडपड मला फार जवळची वाटते. त्यांच्या बिबड्या कापडावरून निघेनात, सगळ्यांचे तुकडे झाले. दोन किलो ज्वारी, चार दिवसांची मेहनत. वाळल्यावर कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि ते मुरू द्यायचं, मग बिबडी आपोआप सुटते, हे मी लिहायलाच विसरले होते. मला ते इतकं पाठ होतं की सांगायचं असतं हेच ध्यानात आलं नाही. त्यांची मी माफी मागितली, कृती त्याच रात्री दुरुस्त केली, आणि त्या दिवसापासून तिसरी खेप चुकवत नाही.

सुरत-पुण्याच्या वाचकांसाठी आणखी एक रकाना आखून ठेवा: काय मिळालं नाही तर काय. खापर नसेल तर उलटी कढई चालते का? मी करून पाहिलं. पोळी होते, पण खापराची माती जी ओल धरते ती लोखंड धरत नाही, म्हणून पोळी कडेला लवकर कडक होते. तसंच लिहा. ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ यापेक्षा काय बदलतं ते सांगा. भरिताचं हिरवं वांगं मिळालं नाही तर जांभळ्या वांग्यात बिया जास्त, पाणी कमी, तेल थोडं वाढवावं लागतं. गॅसवर भाजणार असाल तर पराट्यांच्या धुराचा वास येणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगून टाका.

फोटोंचं फार मनावर घेऊ नका. सकाळचा खिडकीतला उजेड आणि रोजचंच ताट पुरेसं. एक फोटो हातांचा असावा, थापताना किंवा कुटताना, कारण शब्दांत न सांगता येणारी बोटांची ठेवण त्यात दिसते.

सुरुवात करण्याआधी दहा कृती पूर्ण तयार असू द्या, तीनदा करून बघितलेल्या, काळजी घेऊन लिहिलेल्या. दोनवर सुरुवात केलीत तर तिसऱ्या आठवड्यात घाई होते आणि घाईत आपण पुन्हा ‘खानदेशी मसाला दोन चमचे’ लिहितो. त्या दहांमध्ये शेवभाजी एकच असावी. उरलेल्या नऊ अशा निवडा ज्या तुमच्या टापूबाहेर फारशा कुणाला ठाऊक नाहीत, बिबड्यांचा तेल घालून खायचा गरम घाटा, डाळीचे वाफवलेले फुनके नि कढी, कच्च्या केळीची भाजी. प्रत्येकीखाली गाव लिहा, महिना लिहा, आणि जिच्याकडून शिकलात तिचं नाव लिहा; नावाला तिची ना असेल तर निदान ‘चोपड्याकडच्या एका आजी’ एवढं तरी.

आणि छापायच्या आधल्या संध्याकाळी ती कृती जिची आहे तिला मोठ्यानं वाचून दाखवा. मी मांड्यांची कृती सासूबाईंना ओसरीवर बसून वाचून दाखवली. कणीक, मीठ, तेल, किती वेळ तिंबायची, हातावर कशी वाढवायची, खापरावर कशी टाकायची. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्याच परिच्छेदाला हात वर करून त्यांनी थांबवलं.

‘पानी कोनतं? कोमट का थंडं?’

मी पेन काढलं.