शिआनचा आठवडा आखताना
चीनमधल्या शिआनला जायचं ठरलं की हॉटेलाआधी शान्सी इतिहास संग्रहालयाचं बुकिंग बघा. पासपोर्ट नंबर लागतो, सोमवारी बंद असतं आणि जागा भराभर भरतात. तो दिवस पक्का झाला की बाकीचं त्याभोवती बसवा. मातीच्या सैनिकांची (टेराकोटा आर्मीची) जागा शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, त्यामुळे तिला अख्खा दिवस द्या. तटबंदीवर भाड्याची सायकल मिळते. फेरी जवळजवळ 14 किलोमीटरची आणि विटांवरून चांगलीच हादरत जाणारी, म्हणून उन्हं उतरल्यावरच निघा. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगच्या पोथ्यांसाठी 652 मध्ये बांधलेला हंस पॅगोडा मात्र चुकवू नका. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. तेव्हा अख्खा चीन सुट्टीवर असतो.