लष्करी घड्याळाची नवी आवृत्ती घेताय? आधी डायल नीट बघा

नागपुरात इतवारीतल्या आमच्या दुकानात कामठीच्या छावणीतून घड्याळं दुरुस्तीला यायची. बाबांशेजारी बसून ती बघता बघताच काळ्या डायलची ओढ लागली. आता दुकान मी बघते. हल्ली मुलं जुन्या ब्रिटिश लष्करी घड्याळांच्या नव्या आवृत्त्या घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, पैसे वाया नाही ना गेले?" मशीन मी नंतर बघते, आधी डायल.

मूळ घड्याळं १९४५ च्या सुमाराची. ओमेगा, लाँजिन, व्हर्टेक्स, टिमोर अशा १२ कंपन्यांनी ब्रिटिश सैन्यासाठी केलेली. काळी डायल, पांढरे आकडे, कडेला रेल्वेच्या रुळासारखी मिनिटांची पट्टी, खाली सहावर छोटा सेकंद काटा. आकार साधारण ३५ ते ३८ मिलिमीटर.

पहिली तपासणी मिनिट काट्याची. त्याचं टोक रुळाला टेकलंच पाहिजे. नव्या आवृत्तीत केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा डबा, ४० मिलिमीटरची केली आणि काटे जुन्याच मापाचे ठेवले, की टोक अलीकडेच थांबतं आणि सतरा मिनिटं झाली की अठरा, हे अंदाजाने ठरवावं लागतं. सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचंही तसंच. त्याची जागा मशीन ठरवतं, कारण सेकंदाचं चाक मधल्या दांड्यापासून ठरावीक अंतरावरच असतं. मोठ्या केसमध्ये लहान मशीन बसवलं, की ते वर्तुळ मध्याकडे सरकलेलं दिसतं. मला ते खुपतं.

आता चमकणारा रंग. आपल्याकडे अंधारात चमकेल त्या सगळ्याला रेडियम म्हणतात, नंबरप्लेटवर पट्ट्या चिकटवणाराही रेडियमवालाच. त्या डायलवर मात्र खरोखरच रेडियम होतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं. रंगातलं झिंक सल्फाइड खराब झाल्याने चमक गेली, किरणोत्सर्ग तसाच आहे. म्हणून असं जुनं घड्याळ हाती आलं तर घरी उघडू नका, रंगाची पूड श्वासात जाते.

बाबांनी एक जुनी डायल बंद डबीत जपून ठेवली आहे. भिंगातून बघितलं की ठिपक्यांचे रंग एकसारखे दिसत नाहीत, एक मधासारखा, तर शेजारचा जवळजवळ काळा. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडलेलं असताना काटे जिथे थांबले होते, तिथे डायलवर त्यांच्याच आकाराचा तपकिरी डाग उमटलाय. नव्या आवृत्तीत सगळे ठिपके एकाच बिस्किटी रंगाचे असतात, म्हातारपण वरून रंगवलेलं. मी पांढरा किंवा फिकट हिरवा रंगच घ्यायला सांगते. आत सुपर-ल्युमिनोव्हा असतो, तो उजेड साठवून अंधारात सोडतो, त्यात किरणोत्सर्ग नाही.

डायलवर गोलात ‘टी’ छापलाय का बघा. तो ट्रिशियमचा, म्हणजे चमकणाऱ्या रंगातल्या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचा. सैन्याने पुढे बऱ्याच घड्याळांच्या रेडियमच्या डायल काढून ट्रिशियमच्या बसवल्या, तेव्हा ही खूण आली. आत ट्रिशियम नसताना ‘टी’ छापणं म्हणजे डायलवर खोटं लिहिणं, आणि असं घड्याळ मी कुणाला घेऊ देत नाही. डायलवरचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्याने ती परवानगीशिवाय वापरता येत नाही. नव्या घड्याळावर बाण असेल तर परवानगी आहे का, हे विक्रेत्याला विचारा.

मग दुकानाबाहेर या. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला रस्त्यावर उभं राहून एका नजरेत वेळ वाचा. काचेत आभाळच दिसत असेल तर काचेवरचा चकाकी कमी करणारा थर कमी पडतोय. तिथून थेट जिन्याखालच्या अंधारात जा आणि पुन्हा वाचा.

ऑनलाइन घेत असाल तर दोन फोटो मागवा. एक समोरून, मिनिट काटा बरोबर तीनवर ठेवलेला. दुसरा अंधारातला. दुसऱ्या फोटोला टाळाटाळ झाली, की मी पुढचं घड्याळ बघते.