शंकासुराचे झुडूप बियांपासून कसे वाढवावे

पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या अनेक सोसायट्यांच्या आवारात मातीच्या नावाखाली मुरूमच असतो आणि पावसाळा सरला की पाणी जपून वापरावे लागते. अशा जागेसाठी शंकासुर हे फारच भरवशाचे फुलझाड आहे.

बी विकत आणण्याची गरज नाही. वाळून तपकिरी झालेल्या, पण अजून न उकललेल्या शेंगा तोडून कागदी पिशवीत ठेवाव्यात. त्या तटकन फुटतात आणि बिया पिशवीतच पडतात. (बिया विषारी असल्याने लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.) बीचे कवच इतके टणक असते की तशीच पेरलेली बी कित्येकदा महिनोन्महिने मातीत पडून राहते. म्हणून मे महिन्यात प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका कडेने, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत घासावी आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावी. सकाळी टम्म फुगलेल्या बियाच पिशव्यांत पेराव्यात. उरलेल्या पुन्हा घासाव्यात.

रोपे वीतभर झाली की जुलैमध्ये, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी, दीड फूट खोल खड्ड्यात थोडे शेणखत घालून पाच-सहा फुटांवर लावावीत. काळी माती असल्यास उंचवट्यावर लावावीत, कारण मुळाशी साचलेले पाणी या झाडाला उन्हापेक्षा अधिक बाधते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि पुढे पंधरवड्यातून एकदा पाणी पुरते. लाडाने रोज पाणी आणि वर युरिया दिल्यास पाने माजतात, फुले मात्र रुसतात.

फुलोरा नव्या फुटीच्या टोकाला येत असल्याने पावसाच्या तोंडावर झुडूप गुडघ्याइतके छाटावे. फांद्यांना काटे असतात, हातमोजे घालावेत.

फूल जवळून पाहावे. पाचपैकी एक पाकळी लहान आणि नळीसारखी वळलेली असते. त्या वाटेने सोंड आत घालताना फुलपाखराचे फडफडणारे पंख बाहेर झुकलेल्या लांब केसरांना घासतात आणि पराग पंखांनाच चिकटतात.

मधाची सोय झाली, तरी अंडी घालण्यासाठी फुलपाखरांना वेगळी झाडे लागतात. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खातात. म्हणून जवळच एक लिंबू लावावे आणि त्याची पाने कुरतडलेली दिसली, तरी औषध फवारू नये.